बोलत्या बटणांचा फळा: कुत्रीबरोबर दुतर्फा बोलण्याच्या कामाच्या नोंदी

५ जानेवारी: शब्द आधी

फळ्यावरचं बटण दाबलं की त्यात भरलेला एक शब्द वाजतो; कुत्रीने पंजाने दाबून मागायचं, माणसाने दाबून सांगायचं. लाकूड कापण्याआधी शब्द ठरवले, कारण बटणं किती आणि कुठे हे शब्दांवरून ठरतं. कुत्री ३ वर्षांची, मध्यम चणीची, १८ किलोची. शब्द निवडताना तीन अटी ठेवल्या. ती गोष्ट तिला आजही हवी असली पाहिजे. शब्द वाजल्यावर दहा सेकंदांच्या आत माणसाला ती सुरू करता आली पाहिजे. आणि ती झाली की नाही, हे तिऱ्हाइताला नुसतं बघून सांगता आलं पाहिजे. या तिसऱ्या अटीत ‘माया’, ‘आनंद’, ‘राग’ असले सगळे शब्द गळतात. बटण दाबल्यावर काय व्हायचं हेच ठरलेलं नसेल, तर कुत्र्याने शिकायचं काय?

‘खाऊ’ मुद्दाम वगळला. खाण्याचं बटण फळ्यावर आलं की बाकीची बटणं शोभेपुरती उरतात, आणि प्रत्येक दाबाला खायला देणं शक्यही नसतं.

पहिली यादी: बाहेर, चेंडू, खाजव, पाणी. त्यातलं ‘पाणी’ संध्याकाळी खोडलं. पाण्याच्या बटणाला अर्थ यायचा तर वाटी कधी ना कधी रिकामी ठेवावी लागते, आणि ते करायचं नाही. पाणी, जेवण, शी-शू या गोष्टी बटणाच्या भरवशावर सोडू नयेत. फिरायच्या ठरलेल्या फेऱ्या ठरल्या वेळी होणारच, ‘बाहेर’ हे त्याखेरीज पाच-दहा मिनिटं अंगणात जाण्यासाठी. पाण्याच्या जागी ‘संपलं’ घेतलं. ते बटण फक्त माणसाने दाबायचं.

शब्दांचे आवाज एकमेकांपासून लांब असावेत. बुडापेस्टच्या ऑटव्होश लोरांद विद्यापीठात कुत्र्यांच्या मेंदूच्या लहरी मोजून २०२० साली केलेल्या अभ्यासात, एकाच ध्वनीचा फरक असलेले शब्द कुत्री वेगळे ओळखत नाहीत असं दिसलं होतं. ‘खाजव’ आणि ‘खाऊ’ यांची सुरुवात सारखीच, म्हणून घरात खाण्याला ‘जेवण’च म्हणायचं ठरलं. हे सगळ्यांच्या तोंडी बसेपर्यंत बाकीचं काम करून घ्या.

९ जानेवारी: फळा

१२ मिमी प्लायवूड, ६० × ४५ सेमी. बटणं आर्केड यंत्रांना (नाणं टाकून खेळायच्या व्हिडिओ गेमना) असतात तशी घुमटाकार, १०० मिमी व्यासाची. दोन वर, दोन खाली, मध्यापासून मध्यापर्यंत आडवं ३० सेमी, उभं २२ सेमी. यापेक्षा जवळ घेतली तर एका पंजाने दोन दाबली जातात. दांड्यासाठी २४ मिमीचं भोक पाडलं, पण कंपनीप्रमाणे माप बदलतं, तेव्हा बटण हातात आल्याशिवाय भोक पाडू नका.

बटणाचा दांडा आणि खालचा मायक्रोस्विच फळ्याखाली बराच उतरतो. म्हणून पुढची कड ८ सेमी उंच, मागची १८ सेमी. त्यामुळे साधारण १३ अंशांचा उतार मिळतो, आणि कुत्र्याला पंजा खूप वर न उचलता टेकवता येतो. कडा पॉलिश पेपरने गोल केल्या.

जमिनीवर ठेवून पंजासारखा दाब दिला तेव्हा दोन गोष्टी बिघडल्या. गुळगुळीत फरशीवर फळा मागे सरकला. शिवाय खाली पोकळी असल्याने दाबताना ढब्ब असा आवाज आला. भित्रं कुत्रं अशा एका सरकण्याने कायमचं दूर राहतं, म्हणून कुत्रीला दाखवण्याआधीच दोन्ही मिटवलं. मागची कड भिंतीला टेकवली, खाली पूर्ण रुंदीची रबरी चटई घातली, पोकळीत फोम भरला.

रंग: कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या असतात. निळा आणि पिवळा त्यांना नीट वेगळे कळतात, लाल-हिरव्यात गोंधळ होतो. बटणं निळं, पिवळं, पांढरं, काळं घेतली. बटणातले दिवे काढून टाकले. घुमट प्लास्टिकचा असल्याने नख घसरतं, म्हणून वर पातळ रबरी चकती चिकटवली. खरखरीत पट्टी लावू नका, पंजाची गादी सोलते.

१२ जानेवारी: आवाजाचं पहिलं सर्किट, रद्द

प्रत्येक बटणाला एक आयएसडी१८२० मॉड्यूल (काही सेकंदांचा आवाज भरून वाजवणारं तयार सर्किट) जोडलं. स्वस्त, सोपं, मायक्रोफोन त्यावरच. पण तयार मॉड्यूल १० सेकंदांच्या मापावर येतं. त्या मापाला १०० किलोओहमचा रेझिस्टर असतो आणि ते सेकंदाला आवाजाचे ६,४०० नमुने (म्हणजे मोजमापं) घेतं. एवढ्या नमुन्यांत जेमतेम २,६०० हर्ट्झपर्यंतचा आवाज टिकतो. ‘चेंडू’मधला च आणि ‘संपलं’मधला स यांची खरी ओळख त्याच्या वर असते. वाजवल्यावर ‘एंडू’ आणि ‘अंपलं’सारखं काहीतरी ऐकू आलं. रेझिस्टर ८० किलोओहमचा केला की ८ सेकंद आणि ८,००० नमुने मिळतात. फरक पडला, पुरेसा नाही.

मोठी अडचण वेगळीच होती. कोणतं बटण कधी दाबलं याची नोंद हे मॉड्यूल ठेवत नाही. नोंदीशिवाय हे काम करू नये असं माझं ठाम मत आहे. ‘बाहेर’ दाबून कुत्री दाराकडे पळाली हे घरात सगळ्यांना आठवतं. तेच बटण दाबून ती झोपायला गेली, हे कुणालाच आठवत नाही. चारही मॉड्यूल काढून ठेवली.

१८ जानेवारी: दुसरं सर्किट

सामान: आर्डुइनो नॅनो (प्रोग्रॅम चालवणारं छोटं सर्किट) १, डीएफप्लेयर मिनी (कार्डावरचे आवाज वाजवणारं मॉड्यूल) १, ८ ओहम ३ वॅटचा स्पीकर १, डीएस३२३१ घड्याळ मॉड्यूल १, मायक्रोएसडी कार्ड मॉड्यूल १, कार्डं २ (एक आवाजांसाठी, एक नोंदींसाठी), १ किलोओहम रेझिस्टर १, ४७० मायक्रोफॅरड कपॅसिटर १, छोटं साधं बटण १.

जोडणी अशी. चार मोठी बटणं नॅनोच्या डी४ ते डी७ पिनांवर, दुसरी वायर ग्राउंडला, प्रोग्रॅममध्ये आतला पुल-अप (बटण दाबलेलं नसताना पिनचं व्होल्टेज वर धरणारा रेझिस्टर) चालू. घड्याळ ए४ आणि ए५ वर. नोंदीचं कार्ड डी१० ते डी१३ वर. डीएफप्लेयरच्या आरएक्स पिनकडे जाणाऱ्या वायरीत १ किलोओहम घालाच, नाहीतर स्पीकरमधून सतत गुणगुण येते. आवाजांचं कार्ड एफएटी३२मध्ये फॉरमॅट करून ‘एमपी३’ नावाच्या फोल्डरमध्ये (नाव रोमन लिपीत) फाइल्सना चार आकडी क्रमांक दिले.

छोटं बटण डी८ वर, फळ्याच्या बाजूला. माणसाने फळ्यावरचं बटण दाबलं की पाच सेकंदांत हेही दाबायचं, म्हणजे त्या ओळीपुढे ‘माणूस’ अशी खूण पडते. खूण नसेल ती कुत्रीची दाब. यात विसरभोळेपणाला वाव आहे, पण कॅमेऱ्याचं चित्रण तासन्‌तास बघत बसण्यापेक्षा हे बरं.

प्रोग्रॅममध्ये दोन थांबे आहेत. ५० मिलिसेकंद डीबाउन्ससाठी (स्विचच्या थरथरीमुळे एक दाब अनेकदा मोजली जाऊ नये म्हणून), आणि तेच बटण पुन्हा मोजण्याआधी ३ सेकंद. दुसरा नसेल तर पंजा ओढत काढताना एकाच दाबाच्या तीन-चार नोंदी होतात.

२३ जानेवारी: बसवल्यावर निघालेले दोष

एक, पॉवर बँक. फळा काही सेकंद चालून बंद पडत होता. सर्किट तपासण्यात दोन संध्याकाळी गेल्या, आणि दोष सर्किटचा नव्हताच. निवांत असताना हे सगळं इतका कमी करंट घेतं की बऱ्याच पॉवर बँका काही जोडलेलंच नाही असं समजून स्वतःला बंद करतात. ५ व्होल्टचा अडॅप्टर लावला आणि वायर जमिनीलगत पीव्हीसी पट्टीतून नेली. उघडी वायर कुत्र्याच्या तोंडापर्यंत पोहोचता कामा नये.

दोन, शब्द सुरू होताना नॅनो रीसेट व्हायचा. स्पीकर एकदम करंट ओढतो आणि व्होल्टेज खाली बसतं. कपॅसिटर डीएफप्लेयरच्या पिनांना अगदी लागून, प्लस आणि ग्राउंडमध्ये लावला, मग थांबलं.

तीन, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा: दाबल्यावर आधी स्विचचा ‘टक्‌’ येतो, शब्द त्यानंतर. चारही बटणांचा टक्‌ सारखाच. मधली शांतता लांबली तर कुत्र्याच्या दृष्टीने बटणाचा आवाज म्हणजे टक्‌, आणि मग चारही बटणं एकच. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीची शांतता कापली, एमपी३ऐवजी वेव्ह फाइल्स वापरल्या (एमपी३ बनताना सुरुवातीला थोडी शांतता घुसतेच), आणि घुमटाखाली फेल्टची चकती ठेवून टक्‌ दबका केला.

आवाजाची पातळी ३० पैकी १२. आपल्याला जरा हळू वाटेल, पण कुत्र्याचा कान आपल्यापेक्षा तिखट असतो आणि फळा त्याच्या नाकापासून हातभरावर असतो.

२८ जानेवारी: पंजा टेकवायला शिकवणे

हे शिक्षण फळ्यापासून दूर, दुसऱ्या खोलीत, एका वायर नसलेल्या मुक्या बटणावर. पायऱ्या: तळहाताला पंजा लावणे, तळहातावर ठेवलेल्या झाकणाला लावणे, जमिनीवरच्या झाकणाला, मग मुक्या बटणाला, मग टक्‌ येईपर्यंत दाबणे. बरोबर झाल्या क्षणी छोटा ‘हं’, आणि एका सेकंदात वाटाण्याएवढा खाऊ. एका वेळी तीन ते पाच मिनिटं. ती जांभई देऊ लागली, जमीन हुंगू लागली किंवा पाठ फिरवली की थांबायचं. ती तिच्या परीने ‘पुरे’ म्हणत असते.

मुकं बटण दाबणं जमलं की ते उचलून कायमचं कपाटात.

४ फेब्रुवारी: खाऊ फळ्यापाशी पोहोचला, मागे यावं लागलं

फळ्यावर पहिल्यांदा पंजा टेकवल्याबद्दल शाबासकी म्हणून खाऊ दिला गेला. पुढचे काही दिवस नोंदीत चारही बटणं जवळजवळ सारखीच दिसतात. ती एक दाबायची, हाताकडे बघायची, दुसरं दाबायची, परत हाताकडे. तिच्या हिशेबाने चारही बटणांचा अर्थ ‘खाऊ’, आणि तो बरोबरच होता, कारण चारही बटणांनंतर खाऊच आला होता. बटणात कोणता शब्द भरलाय याला काही महत्त्व नाही, दाबल्यानंतर जे होतं तोच त्याचा अर्थ.

उपाय: फळा चादरीने झाकला, आठवडाभर तसाच. पुन्हा उघडल्यावर फळ्याच्या खोलीत खाऊला बंदी. ‘बाहेर’चं बक्षीस दार उघडणं, ‘चेंडू’चं बक्षीस चेंडू. दुसरं काही नाही.

१५ फेब्रुवारी: माणसाने दाबण्याचा क्रम

आता दाबायचं माणसाने, कुत्रीने बघायचं. प्रत्येक वेळी अंगणात जाताना माणूस ‘बाहेर’ दाबतो आणि दार उघडतो. बरेच दिवस दाबूनही ती बटणाकडे ढुंकून बघत नव्हती.

कारण एकदा नीट बसून बघितल्यावर सापडलं. माणूस खुर्चीवरून उठतो, पट्ट्याच्या खुंटीकडे वळतो. त्या वळण्यालाच तिचे कान वर होतात. पट्ट्याची कडी वाजते, ती दारात पोहोचते. मग माणूस फळ्याकडे येऊन ‘बाहेर’ दाबतो, तेव्हा तिची पाठ फळ्याकडे असते. तिला कळायचं ते कधीच कळून गेलेलं असतं, तो शब्द तिला नवीन काहीच सांगत नाही. मानसशास्त्रज्ञ लिओन कामिनने १९६९ साली उंदरांवरच्या प्रयोगांत हेच मांडलं होतं: एका खुणेवरून पुढचं आधीच कळत असेल, तर सोबत आलेली दुसरी खूण प्राणी शिकत नाही.

बदललेला क्रम: माणूस बसलेलाच. पट्टा आधीच दाराबाहेर अडकवलेला. बसल्या जागेवरून हात लांबवून बटण दाबायचं, शब्द संपू द्यायचा, मनात दोन अंक मोजायचे, मग उठायचं. चेंडूही खिशात ठेवायचा नाही, त्याचा वास येतो. डबा बंद करून शेल्फवर.

सगळ्यात जास्त वेळ याला लागला, आणि शिकायचं होतं ते माणसांना. घरातल्या एकानेही जुना क्रम चालू ठेवला की सगळं ढिलं पडतं. फळ्यावर चिठ्ठी लावा: ‘आधी बटण, मग हालचाल’.

२ मार्च: तिच्या दाबा, आणि उत्तर देणे

बटण दाबण्याआधी माणसाने मुद्दाम थांबायला सुरुवात केल्यावर तिच्या दाबा सुरू झाल्या. थांबायचं वीस सेकंदांपर्यंत, बोट दाखवायचं नाही, बटणाकडे बघायचंही नाही. या थांबण्यात ती माणसाकडे बघते, दाराकडे बघते, परत माणसाकडे. कुत्र्यांचा हा स्वभावच आहे. सुटत नसलेलं काम समोर ठेवलं की कुत्री वळून माणसाच्या तोंडाकडे बघतात, माणसाने हाताने वाढवलेले लांडगे सहसा बघत नाहीत, हे कुत्र्यांच्या वागण्याचे अभ्यासक आडाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली दाखवलं होतं. आपल्या कामाला ही नजर फार उपयोगी. ती दिसली की आणखी थोडं थांबा, पंजा उचलला जाण्याची शक्यता तेव्हाच असते.

उत्तर पाच सेकंदांत, प्रत्येक वेळी. यात ढिलाई झाली की लगेच दिसतं. कधी दार उघडायचं आणि कधी दुर्लक्ष करायचं, असं चाललं तेव्हा ‘बाहेर’च्या ओळी एकामागोमाग एक पडू लागल्या. कधी मिळतं, कधी नाही, अशा गोष्टीसाठी कुठलाही प्राणी जास्त चिकाटीने दाबतो. म्हणून ‘आत्ता नाही’ हेही ठरलेलं उत्तर हवं: दोन्ही तळवे उघडे करून दाखवायचे, एकदाच, आणि मग फळ्याकडे लक्ष द्यायचं नाही. ‘संपलं’ फक्त चालू असलेली गोष्ट संपताना.

रात्री लाकडी झाकण. उत्तर देता येणार नसेल तर फळा बंद असणं योग्य. उघडा ठेवून दुर्लक्ष करणं तिच्यावर अन्याय आहे आणि शिकवलेलंही पुसलं जातं.

१५ मार्च: ‘खाजव’चा उलगडा

नोंदीत ‘खाजव’ भरपूर, म्हणून ते सगळ्यात यशस्वी बटण वाटत होतं. जवळून बघितल्यावर चित्र वेगळं निघालं.

ती बटण दाबते. माणूस येतो, वाकतो, मानेवरून हात फिरवतो. ती जीभ एकदा नाकावर फिरवते, मान बाजूला नेते, एक पाऊल मागे सरते. हात थांबला की तिथेच बसते, अंग माणसाच्या पायाला टेकवून. खाजवणं तिला नको होतं. बटण दाबलं की काम टाकून माणूस जवळ येतो, ते हवं होतं.

तपासायची रीत सोपी आहे आणि बटणं नसलेल्या घरांतही करावी. तीन सेकंद खाजवा, हात काढून मांडीवर ठेवा, बघा. नाकाने हात ढकलला, अंग रेललं, तर चालू ठेवा. जीभ फिरवली, मान वळवली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, अंग ताठ झालं, तर थांबा. तिने बराच वेळ हेच सांगितलं होतं, पण सगळ्यांचं लक्ष बटणाकडे.

आवाज बदलून ‘इकडे ये’ असा केला आणि उत्तरही बदललं: जाऊन शेजारी जमिनीवर बसायचं, हात लावायचा नाही. जीभ फिरवणं थांबलं. यातून एक नियम पक्का केला: बटणाच्या प्रत्येक उत्तरानंतर तिचं अंग काय म्हणतं ते बघायचं आणि दोन्हींचा मेळ बसत नसेल तर अंगाचं खरं मानायचं.

२९ मार्च: जोड्या

‘बाहेर’ आणि लगेच ‘चेंडू’ असं नोंदीत बऱ्याचदा येतं. ‘अंगणात चेंडू खेळू या’ असं वाचायचा मोह होतो. वाचण्याआधी हिशेब करा. समजा एकूण दाबांत ‘बाहेर’ निम्मी आणि ‘चेंडू’ ३० टक्के आहेत. तर काहीही अर्थ नसताना, नुसत्या योगायोगाने शंभर जोड्यांपैकी पंधरा ‘बाहेर-चेंडू’ निघतील. त्याहून बरंच जास्त निघालं तरच पुढचा विचार. तेव्हाही शेजारची बटणं आहेत का बघा, कारण पंजा घसरून शेजारच्यावर पडतो.

सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या फेदेरिको रोसानो यांच्या गटाने डिसेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १५२ कुत्र्यांच्या घरांतल्या २१ महिन्यांतल्या २ लाख ६० हजारांहून अधिक दाबा तपासल्या, त्यातल्या सुमारे १ लाख ९५ हजार कुत्र्यांच्या स्वतःच्या. दोन बटणांच्या जोड्या निव्वळ योगायोगाने किंवा माणसाची नक्कल म्हणून पडत नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष. पण त्या नोंदी मालकांनी घरी ठेवलेल्या होत्या, आणि ‘योगायोग नाही’ म्हणजे ‘वाक्य’ असं होत नाही. आपल्या फळ्यावरच्या जोड्या योगायोगाच्या हिशेबापेक्षा फार पुढे नाहीत. आम्ही दोन्ही शब्दांना वेगवेगळं उत्तर देतो.

१२ एप्रिल: आंधळी चाचणी

बर्लिनमधल्या हान्स घोड्याची गोष्ट इथे कामाची आहे. मालक विल्हेल्म फॉन ओस्टेन प्रश्न विचारायचे, घोडा टाप आपटून बेरजा सांगायचा. १९०४ साली तपासायला समिती बसली, तिला लबाडी सापडली नाही. ऑस्कर फुंग्स्टने १९०७ साली उलगडा केला: विचारणाऱ्याला उत्तर माहीत नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर घोडा चुकतो. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित वर व्हायचं आणि घोडा थांबायचा. कुत्रा माणसाचं अंग वाचण्यात घोड्याहून कच्चा नाही.

मांडणी: ‘बाहेर’ आणि ‘चेंडू’ दोनच शब्द. दाबणारा दुसऱ्या खोलीत, लांब वायरीने जोडलेल्या दोन स्विचांसह. कोणता शब्द, हे नाणं उडवून. कुत्रीच्या खोलीतला माणूस हेडफोनवर गाणी ऐकत, गडद चष्मा लावून, भिंतीकडे तोंड करून. त्याला शब्द ऐकू येत नाही. कॅमेरा खोलीवर. तीस सेकंदांत ती दाराशी जाते की चेंडूच्या शेल्फाशी, हे नंतर आवाज बंद करून, शब्दांची यादी न बघता लिहायचं.

पहिला दिवस फुकट गेला: लांब वायर अँटेनासारखी वागली, कुणीही न दाबता शब्द वाजू लागले. नॅनोचा आतला पुल-अप एवढ्या लांबीला कमजोर पडतो. प्रत्येक वायरीला नॅनोच्या बाजूने ४.७ किलोओहमचा बाहेरचा पुल-अप आणि ग्राउंडकडे ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, शांत झालं.

निकष आधी लिहून ठेवा, नंतर ठरवला तर तो निकालाकडे झुकतो. दोन पर्याय असताना २० पैकी १६ किंवा जास्त बरोबर योगायोगाने येण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी, १० पैकी ८ किंवा जास्तची मात्र पाच टक्क्यांच्या वर. म्हणून वीस फेऱ्या, एका दिवशी पाचच, कारण त्यानंतर ती कंटाळते. बरोबर गेली की ती गोष्ट मिळते. चुकली तर काही नाही, रागावणंही नाही.

‘बाहेर’ आणि ‘चेंडू’ निकषात बसले. ‘इकडे ये’ या पद्धतीने तपासता येत नाही, कारण त्याला जायची जागाच नाही. ते समजलंय असं लिहिण्याचा अधिकार आपल्याला नाही.

२० एप्रिल: जागा की शब्द

‘बाहेर’ आणि ‘चेंडू’चे आवाज प्रोग्रॅममध्ये अदलाबदल केले, एकाच सकाळपुरते. अंगणात जायचं असताना तिने नेहमीच्या जागेचं बटण दाबलं, ‘चेंडू’ वाजलं, ती कान उचलून थांबली आणि तरीही दाराशी गेली. म्हणजे मागताना ती जागा वापरते; ऐकताना शब्द, हे आंधळ्या चाचणीत दिसलंच होतं. बोलणं आणि समजणं ही दोन वेगळी शिक्षणं आहेत, एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका. याचा व्यवहारातला परिणाम: फळा एकदा ठेवला की हलवायचा नाही, बटणांची अदलाबदल नाही, नवं बटण नेहमी कडेला.

ही चाचणी लांबवू नये. तिचं मागणं चुकीच्या शब्दात बदलत राहणं योग्य नाही. दुपारी आवाज पूर्ववत.

३ मे: दुसऱ्याच्या हाती देताना

काही दिवस फळा आणि कुत्री दुसऱ्या माणसाकडे राहणार असतील तर हे कार्ड फळ्याच्या मागे चिकटवा:

निळं, ‘बाहेर’: दार उघडा, अंगणात पाच मिनिटं. पिवळं, ‘चेंडू’: तीन-चार फेकी, मग काळं ‘संपलं’ दाबून चेंडू डब्यात. पांढरं, ‘इकडे ये’: शेजारी बसा, हात लावू नका. जमणार नसेल तर दोन्ही तळवे उघडे, एकदाच. रात्री झाकण.

घड्याळाबद्दल एक खबरदारी. डीएस३२३१च्या बऱ्याच स्वस्त मॉड्यूलांवर सेल चार्ज करणारी जोडणी असते, ती चार्ज होणाऱ्या एलआयआर२०३२ सेलसाठी. त्यात साधा सीआर२०३२ घालायचा असेल तर सेलकडे जाणारा छोटा डायोड किंवा त्याच्या ओळीतला रेझिस्टर आधी उखडा. साधा सेल चार्ज होत राहिला तर फुगतो, आणि फळा कुत्रीच्या तोंडाशी असतो.